नखुलीच्या सायकलची घंटी

ऐका हं! एक होती उंदरी. केवढी? एवढीशी, नखाएवढी! तिचं नाव नखुली.

नखुलीची होती एक सायकल. बटणांची चाकं, काडीपेटीच्या काडीचं हँडल, नि एका घुंगराची घंटी. चुईं चुईं सायकल चाले. किणकिण किणकिण घंटी वाजे.

घंटी फार महत्त्वाची, बरं का! घंटी वाजली, की आई बिळाचं दार उघडायची. नुसती टकटक केली, तर म्हणायची, "टकटक तर मांजरही करतं! घंटी वाजव, मग दार उघडते."

एक दिवस काय झालं, नखुली निघाली घरी. चुईं चुईं, चुईं चुईं! बोळात आला दगड. सायकल उडाली टुण्णकन. घंटी निसटली टिंगकन. पडली रस्त्याच्या खळग्यात!

नखुली घंटी उचलणार, तोच आली एक गाडी. घुर्र घुर्र, पों पों! गाडी केवढी? घराएवढी! आत माणसं किती? एक! गाडी थांबली बोळातच. चाक बसलं बरोब्बर खळग्यावर. गाडीतून उतरले झुंबरकाका, नि जाऊन बसले चहाच्या टपरीवर.

नखुली म्हणाली, "गाडी गाडी, हल ना! माझी घंटी चाकाखाली आहे."

गाडी म्हणाली, "मी एवढी मोठी! मी नाही हलत, जा! काका उठले तर हलेन."

नखुली गेली काकांकडे. चुईं चुईं, चुईं चुईं!

"काका काका, उठा ना!
घंटी अडकली चाकाखाली,
गाडी काही हलत नाही,
आता मी घरी जाऊ कशी?"

काका म्हणाले, "छे छे! चहाशिवाय मी नाही उठत, जा! चहा आला तर उठेन."

नखुली गेली टपरीवाल्या हौसामावशींकडे. चुईं चुईं, चुईं चुईं!

"मावशी मावशी, चहा करा ना!
घंटी अडकली चाकाखाली,
गाडी काही हलत नाही,
काका काही उठत नाहीत,
आता मी घरी जाऊ कशी?"

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, पातेलं बघ, कोरडं ठणठणीत! दुधाशिवाय मी नाही चहा करत, जा! दूध आलं तर करेन."

टपरीमागे बांधली होती मावशींची म्हैस. नखुली गेली म्हशीकडे. चुईं चुईं, चुईं चुईं!

"म्हशीबाई म्हशीबाई, दूध दे ना!
घंटी अडकली चाकाखाली,
गाडी काही हलत नाही,
काका काही उठत नाहीत,
मावशी चहा करत नाहीत,
आता मी घरी जाऊ कशी?"

म्हैस म्हणाली, "ऑंऽऽय! सकाळपासून पोटात काडी नाही. मी नाही दूध देत, जा! चारा आला तर देईन."

चारा कुठे? चारा बैलगाडीत. बैलगाडी कुठे? बोळाच्या पलीकडच्या टोकाला! नखुली सुटली सुसाट. मोठ्या गाडीच्या पोटाखालून पलीकडे. चुईं चुईं, चुईं चुईं!

"बैलदादा बैलदादा, चारा आण ना!
घंटी अडकली चाकाखाली,
गाडी काही हलत नाही,
काका काही उठत नाहीत,
मावशी चहा करत नाहीत,
म्हैस दूध देत नाही,
आता मी घरी जाऊ कशी?"

बैलाने हलवली मान. "येऊ कुठून, बाळ? वाटेत ही धूड गाडी! गाडी हलली तर येईन."

अरे देवा! आली का पुन्हा गाडीच? नखुलीच्या डोळ्यांत आलं पाणी. आणि लांबून आवाज आला. म्याऽऽव!

आता? नखुलीने गाडीखाली पाहिलं. बैल मावेल? नाही! बैलगाडी मावेल? नाही नाही! पण सायकल?

"मावते! माझी सायकल मावते! आत्ताच तर आले!" नखुली ओरडली. "बैलदादा, चारा दे!"

बैलाने तोंडाने ओढली एक काडी. नखुलीने बांधली सायकलला. गाडीखालून सर्रकन पलीकडे. चुईं चुईं!

म्हैस हसली. "एका काडीने माझं काय होणार गं?"

"तू खात जा. मी आणत जाते!"

सर्रकन जा, सर्रकन ये. काडी आण, काडी दे. चुईं चुईं, चुईं चुईं! बैल ओढतोय. म्हैस चघळतेय. नखुलीला आलाय घाम. पण थांबते कुठली!

आणि मग...

चारा आला, म्हैस खूश! चुर्र चुर्र, बादलीत दूध.
दूध आलं, मावशी खूश! खळखळ खळखळ, पातेल्यात चहा.
चहा आला, काका खूश! फुर्र फुर्र, बशीतून प्यायले.

मावशी म्हणाल्या, "काय हो काका! तुमच्याच गाडीने अडवला होता तुमचा चहा!"

काकांनी जीभ चावली. ताडकन उठले. घुर्र घुर्र! गाडी हलली. खडखड खडखड! बैलगाडी सुटली. आणि खळग्यात काय चमकलं? घंटी!

काका म्हणाले, "उद्यापासून मीही सायकलनेच येतो."

"घंटी लावा हं, काका!" म्हणाली नखुली, नि पळाली घरी. मागून आवाज आला. म्याऽऽव! चुईं चुईं चुईं चुईं! म्याऽऽव!

किणकिण! किणकिण!

दार उघडलं. नखुली आत. दार बंद, धाडकन! आईने तिला पोटाशी घेतलं घट्ट.

बाहेर कुणीतरी केली टकटक.

आई म्हणाली, "आधी घंटी वाजव!"

मांजराकडे कुठली घंटी? बसलं बाहेर शेपूट चाटत. घंटी आपल्या नखुलीची. तुम्ही वाजवा बघू तिच्यासाठी. किणकिण, किणकिण!