ओटीचा उतार

ओहोळाच्या अलीकडं, या उतारावर जे भात दिसतंय, ते कुणी पेरत नाही आणि कुणी कापतही नाही. त्यावर पाय देऊ नका, कडेनं या. आम्ही हिरडशेतकर याला ओटीचा उतार म्हणतो.

फार पूर्वी पलीकडच्या गावातून ठमा नावाची बाई ओहोळ ओलांडून आली, म्हणे. नवरा हैबती तिला मारायचा. दोनदा ती माहेरी पळाली, दोन्ही वेळा बापानं परत नेऊन घातली. तिसऱ्यांदा तिनं माहेरची वाट सोडली आणि इकडं आली. एक हात मोडलेला होता.

मागोमाग हैबती भाऊबंदांना घेऊन आला. हातात कुऱ्हाड. काठावरूनच ओरडला, "आमची गाय तुमच्यात शिरलीय. दावं लावून नेतो."

बुधाबाई नावाची विधवा तिथं उभी होती. ती म्हणाली, "गाईला असं मारलं असतंस, तर गावानं तुला वाळीत टाकलं असतं."

पाटील मात्र घुटमळले. "परक्याची सून कशी ठेवायची? गावची लेक असती तर गोष्ट वेगळी."

ते ऐकून बुधाबाई घरात गेली. पेरणी तोंडावर आलेली, कणगीत फक्त बियाणं उरलेलं. तेच ओंजळीत आणून तिनं ठमाच्या पदरात घातलं. "ओटी माहेरची माणसं भरतात. झाली ही गावची लेक."

हैबती हसला. "रांडमुंडीनं भरलेली ओटी! देवाला तरी चालंल का?"

"माझा मेला, तरी मी जगले. हिचा जिता हाय, म्हणून ही मरायला टेकलीय. मग अपशकुनी कोण रं?"

सांगतात, त्यावर पहिली पुढं आली ती पाटलांचीच बायको. "अगं, बियाणं हाय ते!" पाटील म्हणाले. "मग लेकीची ओटी काय भुशानं भरू?" म्हणत तिनं सूप रिकामं केलं. मग घराघरातून बायका आल्या. मोडक्या हाताला ओझं पेलेना. पदर सुटला आणि बियाणं उतारभर, थेट ओहोळापर्यंत पसरलं.

हैबतीची माणसं थबकली. बाईला तुडवलेलं त्यांनी रोज बघितलं होतं. पण बियाणं तुडवायला कुणाचा पाय उचलेना. हैबती एकटाच पुढं निघाला, तर सख्ख्या भावानं त्याला मागं ओढलं. ठमा इथंच राहिली, इथंच म्हातारी झाली.

आजही एकटी बाई ओहोळ ओलांडून आली, की तिला कुणी आडनाव विचारत नाही. ओटीतली पहिली ओंजळ विधवेची असते, आणि वाटेवरही बियाणं टाकतात. मागं एक जण बायकोला न्यायला जीप घेऊन आला. त्यानं बियाण्यावरून खुशाल चाकं घातली. तेव्हा गावातल्या बायका येऊन वाटेतच बसल्या. माझी आई अगदी चाकापुढं होती. म्हणाली, "बियाणं झालं तुडवून? आता आम्हाला तुडव."

ओहोळापर्यंत त्याला जीप उलटीच न्यावी लागली. वळायला बायकांनी जागाच ठेवली नव्हती.