पोवळीच्या घरची चूल

एका राज्यात कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, रानाला लागून बुरुडांची एक आळी होती. राजा न्यायी होता, रानात एक मांत्रिक राहत होता, आणि दोन्ही गोष्टी लोक सारख्याच सहजपणे सांगत. आळीत सतरा घरे. एकाच्या घरी पाहुणा आला की सतरा घरांना खबर, एकाच्या घरी ताप आला की सोळा घरांचे काढे हजर. या सगळ्या उठाठेवीच्या म्होरक्या भागाकाकू. त्यांना विचारल्यावाचून आळीत बारसे होत नसे की भांडण मिटत नसे. आणि खरे सांगायचे तर काकूंना ते आवडत असे.

एके दिवशी येसू आणि कोंडाजी यांची सात वर्षांची लेक पोवळी रानात कळकाचे कोंब वेचायला गेली, ती परतली नाही.

सगळी आळी रानात उतरली. राजाने दवंडी पिटवली, स्वार धाडले, विहिरींत गळ सोडले. एकदा नव्हे, तीनदा. रान ढिम्म हलले नाही. चौथ्या दिवशी येसूने हाताच्या सवयीने भाकऱ्या थापल्या, तीन पाने वाढली, आणि तिसऱ्या पानाकडे बघून असा हंबरडा फोडला की आळीतले कोयते जागच्या जागी थांबले. भागाकाकू धावत आल्या. त्यांनी तांब्याभर पाणी उचलले आणि पेटत्या चुलीवर ओतले.

"पोर घरी येईस्तोवर या घरात चूल पेटायची नाही," काकू म्हणाल्या. "या माउलीनं पोरीवाचून भाकरी थापायची नाही. आळी जेवू घालील."

दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी ताट न्यावे, ही तिथली जुनीच रीत. पण ती तीन दिवसांची, फार तर तेरा. काकूंनी तिला अंतच ठेवला नाही. सोळा घरांनी पाळ्या लावल्या. पहिल्या वर्षी ताट देताना बायका विचारत, "काही कळलं का गं?" दुसऱ्या वर्षी नुसत्याच बसत. पुढे ताट ठेवून, रिकामे उचलून, मान खाली घालून परतत. कोणाच्या घरी लग्न असो, मयत असो, येसूचे ताट चुकले नाही. अशी सात वर्षे गेली. चुलीला भेगा पडल्या, तिच्या बाजूच्या वैलात कोळ्याने घर केले. कोंडाजी सुपे विणी आणि कोणाशी बोलत नसे.

सातव्या वर्षी काकूंची पाळी असताना येसू म्हणाली, "काकू, उद्यापासनं ताट आणू नका."

"का गं?"

"गिळायचं तरी कशासाठी? पुरे झालं आता."

काकूंच्या ध्यानात आले. पोर गेली ती गेली, आता आईही हातची जाणार. त्या घरी गेल्या, कोयता कमरेला खोचला, आणि ज्या वयात बायका अंगणाबाहेर पडत नाहीत त्या वयात रानात शिरल्या.

रानाच्या तोंडाशी मांत्रिकाचा पाळीव धनेश पक्षी बसला होता. त्याला खोटे बोलता येत नसे, म्हणून मांत्रिक त्याला घरात घेत नसे.

"पोवळी कुठे आहे?" काकूंनी विचारले.

"तीन कामे कर. मग सांगतो," धनेश म्हणाला. "पहिले, टोपलीतून पाणी आण."

काकूंनी कोवळा कळक तासला, केसासारख्या बारीक कामट्या काढल्या आणि दोन दिवस विणत बसल्या. वीण अशी घट्ट बसली की टोपलीतून थेंब गळला नाही.

"दुसरे. काटेकळकाचे बेट ओलांड. पण एक काडी तोडायची नाही."

जिचा जन्म कळक तोडण्यात गेला, तिने कोयता धनेशापुढे ठेवला आणि दोन्ही हातांनी काटे बाजूला करीत पलीकडे गेली. लुगड्याच्या चिंध्या झाल्या, अंगावर रक्ताचे ओघळ आले. काकू मागे वळल्या नाहीत.

"तिसरे सोपे आहे," पलीकडे उडत आलेला धनेश म्हणाला. "त्या घरासाठी आळीने काय केले, ते सांग."

हे मात्र काकूंच्या हातचे काम. त्यांनी ताटे सांगितली, पाळ्या सांगितल्या, सात वर्षांत एकही दिवस चुकला नाही हे दोनदा सांगितले.

धनेशाने विचारले, "आणि चूल कोणी विझवली?"

"मी."

"मग ऐक. मुलीने मांत्रिकाच्या खजिन्यातले एक माणिक उचलले. त्या खजिन्याला शाप आहे. जो हात लावील, त्याला घर दिसेल पण ओळखू येणार नाही. हाक ऐकू येईल पण कळणार नाही. डोळे बांधले, कान बांधले, नाक बांधायचे मांत्रिक विसरला. तिच्या आईची पहिली भाकरी रोज करपायची. त्या धुराच्या वासावर ती घरी आली असती. चौथ्या दिवशी ती तुमच्या कुंपणापर्यंत आली होती. तेवढ्यात धूर थांबला."

काकूंनी विचारले, "किती वेळा आली?"

"रोज येते, पण शापामुळे कोणाला दिसत नाही," धनेश म्हणाला. "सोळा घरांचे धूर हुंगते, आणि परत जाते."

परतीच्या वाटेवर काकूंना एक गोष्ट सुचली, ती लपवण्यात अर्थ नाही. नुसते 'चूल पेटव' म्हटले असते तरी काम झाले असते. कोणाला काही कळले नसते. पण येसूच्या उंबऱ्याशी पोचल्यावर त्यांनी सगळे सांगून टाकले, करपलेल्या भाकरीपासून कुंपणापर्यंत.

येसू म्हणाली, "तुम्ही रोज आलात म्हणून मी जगले, काकू. अन् तुम्ही रोज आलात म्हणून ती आली नाही. आता तुम्हाला मी काय म्हणू?"

येसूने कोळ्याचे जाळे काढले, काटक्या रचल्या. हात भाकरी विसरले होते. पहिली तुटली, दुसरी तव्याला चिकटली आणि करपली. काळा धूर कौलांतून वर गेला. कोंडाजीने सूप खाली ठेवले.

मग कुंपणाचे दार वाजले. पोवळी आत आली. मुठीतले माणिक गळून पडले, त्याचा कोळसा झाला. तिकडे रानात सगळ्या खजिन्याची राख झाली आणि मांत्रिक राज्य सोडून गेला.

"आई, भाकरी करपली बघ," पोवळी म्हणाली. येसूने तिला पोटाशी धरले, पण रडणे काही तिला सुचेना. सात वर्षांत तेही आटून गेले होते.

राजाने फर्मान काढले : दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पीठ न्यावे, सरपण न्यावे, पाहिजे तर शेजारी बसून भाकऱ्या थापाव्यात, पण त्या घरची चूल कोणी विझवू नये. आळीने ते मान्य केले. कळक निर्धास्तपणे कापला जाऊ लागला. येसू सगळ्यांशी बोलू लागली. काकू दिसल्या की मात्र ती नुसती थांबे, काही म्हणायला जाई, आणि पुढे निघून जाई. काकूंनी तिला कधी बोल लावला नाही.

पण शाप तुटला तरी गेलेली वर्षे परत आली नाहीत. पोवळी रानात गेली तेव्हा सात वर्षांची होती; शापात वय थांबले, म्हणून आली तेव्हाही सातच वर्षांची. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती भागाकाकूंच्या दारात येऊन उभी राहिली.

"काकू, सोनकीला खेळायला पाठवा ना."

सोनकी काकूंची नात. तिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. तिकडे सासरी तिच्या कडेवर मूल होते. आळीतल्या पोवळीच्या जोडीच्या सगळ्याच मुलींचे तसे झाले होते.

पोवळी वाट बघत उभी होती. अखेर काकूंनी भिंतीचा आधार घेतला, काट्यांनी ओरबाडलेले हात टेकले, आणि हळूहळू अंगणात मांडी घालून बसल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पहिला डाव तुझा."