बत्तीस वाट्यांचं ताट

सोनवडीचे राजे दुर्जयसिंह यांच्या नाकात घाण वास शिरला, आणि तोही ऐन वामकुक्षीच्या वेळी!

वास बाहेरून आलेला नव्हता, त्यांच्याच मुदपाकखान्याचा होता. वाड्यामागचा उकिरडा वाढत वाढत खिडकीला टेकला होता. लगेच खलबतं झाली. दिवाण त्र्यंबकपंतांनी दोन दिवस डोकं लढवलं आणि उकिरड्यापुढे जरीचा पडदा लावून त्यावर गुलाबपाणी शिंपडायला सांगितलं. गुलाब आणि कुजकी वांगी यांचा असा काही संगम झाला, की महाराजांना ओकारीच आली. एवढ्या मोठ्या पागोट्याखालून निघालं ते एवढंच!

महाराज नाकाला रुमाल लावून तडक मुदपाकखान्यात आले.

"हा उकिरडा उद्याच्या उद्या हलवा! कुंभारआळीच्या विहिरीजवळ नेऊन टाका. इथून पुढचा कचराही तिकडेच!"

कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या सारजेच्या हातातलं पातेलं दाणकन खाली पडलं. ती कुंभारआळीची. आळीला विहीर एकच. उकिरड्याची घाण तिच्यात झिरपली तर साठ घरांनी प्यायचं काय? सारजेला इतका संताप आला, की ती तशीच राखेच्या हातांनी पुढे आली.

"महाराज, आमच्या साठ घरांचा मिळून एवढा कचरा होत न्हाई. तुमच्या एका घराचा आमी का घ्यायचा?"

"ए, जीभ आवर!" दिवाण खेकसले.

महाराजांना मात्र गंमत वाटली. "म्हणजे कचरा न करता स्वयंपाक होतो म्हणतेस? मग करून दाखव! उद्याचं जेवण तुझ्या हुकमाने होईल. पण कचरा म्हणून एक चिमूट निघता कामा नये. जाळायचं नाही, पुरायचं नाही, कुठे नेऊन टाकायचंही नाही!"

"आणि ताटात बत्तीस वाट्या हव्यात," दिवाणांनी पाचर मारली. "एकही कमी चालणार नाही. शिवाय राजाचं उष्टं माणसाला नाही आणि जनावरालाही घालायचं नाही. ही सोनवडीची रीत आहे!"

आचारी फिदीफिदी हसले. महाराज बत्तीसांतल्या चारच वाट्यांना हात लावत. बाकीच्या अठ्ठावीस रोज जशाच्या तशा उकिरड्यावर जात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जमलं नाही, तर उकिरड्याची पहिली पाटी तुझ्या डोक्यावर!" महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सारजेने काही जादू केली नाही. तिची आई घरी जे करायची, तेच तिने केलं. मुख्य आचारी गंगाराम दोडका सोलून शिरा भिरकावणार, तोच तिने त्याचा हात धरला.

"टाकता काय? तिळासंगं परता. चटणी होती."

"महाराजांना सालांची चटणी? डोकं फिरलंय का तुझं?"

"का? महाराजांची जीभ काय सोन्याची हाय?"

भाजी धुतलेलं पाणी तिने केळीच्या आळ्यात सोडलं. मटारची टरफलं आणि तांदळाचं धुवण वाड्यातल्या गाईपुढे गेलं, आणि गाईने त्यात राजघराण्याचा काही कमीपणा मानला नाही. चुलीतली राख आणि नारळाच्या शेंड्या भांडी घासायला लागल्या. गंगाराम तोंड वाकडं करून पुटपुटत होता, "राजवाड्यात ही दळिद्री चाल!" खिडकीबाहेर घाणीचा डोंगर उभा होता, त्याची लाज मात्र या शहाण्याला कधी वाटली नव्हती.

दुपारी महाराज पाटावर बसले. ताटावरचं झाकण निघालं आणि ते ओरडले, "हे काय?"

वाट्या बत्तीसच होत्या. चार अर्ध्या भरलेल्या, आणि अठ्ठावीस रिकाम्या! त्या अशा लखलखत होत्या, की दिवाणांना त्यांत आपलं तोंड दिसलं. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

"रिकाम्या वाट्या? आमच्यापुढे?"

"कुठल्या वाटीत काय पाहिजे ते नुसतं सांगा, महाराज. सगळी तयारी हाय, आत्ता करून वाढते," सारजा शांतपणे म्हणाली. "ही डावीकडची तिसरी वाटी बघा. हिच्यात रोज काय असतंय?"

महाराजांनी वाटीकडे पाहिलं. मग दिवाणांकडे पाहिलं. दिवाण छताकडे पाहू लागले.

"बासुंदी," महाराज दडपून म्हणाले.

"भोपळ्याचं भरीत!" सारजा म्हणाली. "बारा वर्सं रोज भोपळ्याचं भरीत! एक डाव बी बोट बुडवलं न्हाई तुमी."

महाराज ओशाळले आणि गुपचूप जेवू लागले. चारही वाट्या चाटूनपुसून संपल्या. चटणी तर त्यांनी तीनदा मागून घेतली.

"वा! ही चटणी कशाची?"

"दोडक्याच्या शिरांची. आजवर उकिरडा जेवायचा, आज तुमी जेवलात."

कुणीतरी खुदकन हसलं. दिवाणांना मात्र घाम फुटला. बाई जिंकत होती!

"महाराज, हा आपला धडधडीत अपमान आहे!" ते किंचाळले. "राजाच्या ताटात रिकामी वाटी?"

सारजेने त्यांच्याकडे पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं.

"अपमान कसला, दिवाणजी? या अठ्ठावीस वाट्या महाराज रोज नुसत्या बघत्यात. बघायला वाटी पुरती! आत भरायचं, ते काय आमच्या विहिरीत घालायला?"

मग महाराज हसत सुटले! हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"कुंभारआळीचा हुकूम रद्द! उकिरडा आमच्याच बागेत खत म्हणून पसरा. कोठीच्या किल्ल्या आजपासून सारजेकडे, आणि पगार मुख्य आचाऱ्याचा!" मग ते दिवाणांकडे वळले. "आणि पंत, वाड्याची शोभा तुम्हाला फार प्यारी ना? मग या अठ्ठावीस वाट्या रोज तुम्हीच घासायच्या. बाई, यांना राख द्या!"