गप्प बसवलेली टिटवी

एका मोठ्या शहराच्या नदीकाठी एक टिटवी राहत असे, आणि ती तिथं राहते हे साऱ्या नदीला ठाऊक असे. ठाऊक नसून कसं चालेल! कुत्रं पाण्यावर आलं की ‘टिटीव-टिटीव’, कुणी कपडा आपटला की ‘टिटीव-टिटीव’, आणि काहीच घडलं नाही तर काहीच का घडत नाही म्हणून पुन्हा ‘टिटीव-टिटीव’. दोन पुलांच्या मधे नदीच्या पात्रात गोट्यांचा एक लहानसा उंचवटा होता. तिथंच ती अंड्यातून बाहेर आली होती आणि तिथंच तिची पिल्लं वाढली होती. त्या गोट्यांची राखण करायची, एवढंच तिचं काम.

दसरा झाला की पहाटे नदीवर धुकं उतरू लागे आणि टिटवीचा जीव वरखाली होऊ लागे. कारण या दिवसांत चक्रवाक येत. केशरी अंगाची ती मोठाली बदकं थेट उत्तरेकडून, हिमाच्या डोंगरांपलीकडून यायची. टिटवीला डोंगर म्हणून माहीत होती ती शहराच्या कडेची टेकडी. तशा शंभर टेकड्या एकावर एक रचल्या तर केवढं होईल, असा विचार ती करी आणि तिचं डोकं गरगरे. दरवर्षी थवा दिसला की ती आधी मनसोक्त ओरडून घेई, आणि ते उतरू लागले की एका पायावर तशीच खिळून राही. “अगं बाई! एवढ्या लांबून, आणि आपल्या नदीवर!” असं ती स्वतःशीच म्हणे.

यंदा मात्र पाहुणे यायच्या आधी काठावर सभा भरली. सभा भरवली बगळ्यानं. हा पांढराशुभ्र, मान वाकडी करून बोलणारा. कुणी नेमलं नसताना काठाचा कारभार पाहणारा.

“नदीची काय दशा झालीय पाहताय ना?” बगळा म्हणाला. “जलपर्णीनं सगळं पाणी झाकून टाकलंय. निदान आपल्या वागण्यात तरी कमी पडायला नको. थोरामोठ्यांचं येणं आहे. तेव्हा टिटवीबाई, पाहुणे येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.”

“पण बगळेकाका, मी तर नेहमीच...”

“नेहमीच! अगं, तेच तर दुखणं आहे,” दिव्याच्या खांबावरून कावळा म्हणाला. “तुझ्या आवाजानं माझी पोळी शिळी व्हायच्या आधी आंबते.”

सगळे हसले. बगळा हसला नाही. “आवाज आला, तर हे गोटे सोडायचे,” त्यानं निकाल दिला. “पलीकडच्या पुलाच्याही पलीकडे जायचं, आणि पुन्हा फिरकायचं नाही.”

 टिटवीला राग आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. एवढ्या थोर पाहुण्यांना आपला दरसाल त्रास होत होता की काय? आणि आपल्याला ते कधी सुचलंही नाही! तिनं मान डोलावली आणि चोच मिटून घेतली. मुलांनो, टिटवीनं चोच मिटणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. तीन दिवस त्या बिचारीला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी उजाडताना असं दाट धुकं पडलं की टिटवीला आपलेच पिवळे पाय दिसेनात. आणि वरून आवाज आला, “आँग... आँग...”

आले! टिटवीची चोच उघडलीच होती. ती तिनं झटकन पंखात खुपसली.

थवा नदीवरून पुढे गेला. वळला, परत आला, पुन्हा पुढे गेला. उतरेचना. खाली सगळं धुकं, आणि धुक्याच्या फटीतून दिसे ती हिरवीगार जलपर्णी. वरून बघणाऱ्याला ते शेतच वाटावं. तिसऱ्या फेरीला आवाज बारीक झाले होते. त्यांत कोवळे आवाज होते, पहिल्यांदाच एवढ्या वाटेला निघालेल्या पोरांचे. पोरं दमली की कशी ओरडतात हे टिटवीला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात कावळा किंचाळला, “अहो काका, ते रस्त्याकडे चाललेत!”

नदीला लागून मोठा रस्ता होता. दवानं भिजलेला, दिव्यांच्या उजेडात चकचकणारा. वरून पाहिलं तर हुबेहूब पाणी. आणि त्या पाण्यावरून मालट्रक धडाडत होते.

“गप्प बसा!” बगळा म्हणाला, पण त्याचाही आवाज कापत होता. “थोर मंडळी आहेत ती. एवढे डोंगर ओलांडून आली. त्यांना पाणी ओळखता येणार नाही होय?”

आवाज रस्त्यावर खाली खाली येत होते. टिटवीनं आपल्या गोट्यांकडे पाहिलं. एकेक गोटा तिच्या ओळखीचा. ‘गेले तर गेले!’ ती मनाशी म्हणाली आणि धुक्यात झेपावली.

“टिटीव! टिटीव! टिटीव-टिटीव-टिटीव!”

असा गळा तिनं उभ्या जन्मात काढला नव्हता. दोन्ही पूल दणाणले. रस्त्यावरचे आवाज थबकले, वळले, आणि मग धुक्यातून एक केशरी छाती बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि मग मोजायलाही सवड मिळाली नाही. पंखांच्या वाऱ्यानं धुकं घुसळून निघालं. गोट्यांच्या कडेला जे काय हातभर उघडं पाणी होतं, त्यात सगळा थवा सपासप उतरला.

सर्वांत पुढे एक म्हातारी चक्रवाकी होती. धाप लागलेली असतानाच तिनं विचारलं, “मघाशी आवाज दिला तो कुणी?”

बगळा लगबगीनं पुढे झाला. “क्षमा असावी. तिला सक्त ताकीद दिली होती. आजच ती हा काठ सोडून जाईल.”

“सोडून जाईल?” म्हातारी दचकली. “मग आम्ही यायचं कुठं?”

बगळ्याची वाकडी मान एकदम सरळ झाली.

“आमच्या तळ्यावर पिल्लांना पंख फुटले की आम्ही त्यांना वाट शिकवतो,” म्हातारी सांगू लागली. “डोंगर दाखवता येतात, तारे दाखवता येतात. पण तुमची ही नदी दाखवायची कशी? कधी आटलेली, कधी गढूळ, यंदा तर हिरवी. म्हणून आम्ही पोरांना सांगतो, दक्षिणेला जात राहा, आणि जिथं कुणी आपल्या गोट्यांसाठी जगाशी भांडत असेल तिथं उतरा. खाली पाणी असतंच. मला हे माझ्या आजीनं सांगितलं. तेव्हा तुझी आजी ओरडत असेल, पोरी.”

टिटवी ऐकत राहिली.  आपण ज्या डोंगरांची उंची मोजता मोजता थकलो, त्यांच्या पलीकडे कुठल्याशा तळ्यावर लहान लहान पिल्लं आपली गोष्ट ऐकतात! तिला काहीतरी बोलायचं होतं. पण जन्मात पहिल्यांदाच, कुणी गप्प बसवलेलं नसताना, तिला शब्द सुचेना.

इतक्यात धुक्यात, खूप उंचावर, पुन्हा बारीक आवाज आला, “आँग... आँग...”

सगळा काठ टिटवीकडे पाहू लागला. आणि सर्वांत आधी बगळाच ओरडला, “अगं, बघत काय बसलीस? ओरड की बाई!”

तात्पर्य : रोज ऐकून ज्याची आपल्याला कटकट वाटते, त्याच्याच भरवशावर कुणीतरी फार लांबून वाट काढत येत असतं; म्हणून पाहुण्यांसाठी घर आवरताना घरच्या माणसाचं तोंड बंद करू नये.