हिरव्या म्हशीचा कारागीर

एकदा एका वृद्ध संग्राहकाने आपले सारे धन संग्रहालयाला दान करायचे ठरवले. नाशिकच्या रंगनाथरावांचे धन म्हणजे चीनमधल्या जुन्या जेडच्या मूर्ती. जेड हा हिरवट आणि अत्यंत कठीण पाषाण. त्याला छिन्नी चालत नाही. तो धीराने झिजवत झिजवत घडवावा लागतो. रंगनाथरावांनी अशा कितीतरी मूर्ती जमवल्या होत्या, पण त्यांचा जीव होता एका म्हशीत. मुठीत मावणारी ती म्हैस ऐसपैस बसून, मान वळवून मागे पाहत होती. ती काही शतकांपूर्वीची आहे, असे सांगून एका व्यापाऱ्याने त्यांना विकली होती.

दानापूर्वी प्रत्येक मूर्ती तपासण्याचे काम त्यांनी आपल्या शिष्येवर, हेमांगीवर सोपवले. तिने म्हैस भिंगाखाली धरली. शिंगांच्या खाचेत विजेच्या यंत्राचे एकसारखे, बारीक ओरखडे होते. जुनेपणाचा तपकिरी डाग ओल्या फडक्याने पुसताच फिका झाला. मूर्ती अलीकडची होती.

हे सांगायचा तिला बरेच दिवस धीर होईना. रंगनाथरावांना ती नाना म्हणे. नानांची लाडकी वस्तू, शिवाय चार जाणकारांत त्यांचे हसे होणार. शेवटी तिने सारे सांगून टाकले आणि मान खाली घातली.

रंगनाथरावांनी भिंगातून ते ओरखडे स्वतः पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेढे मागवले आणि व्यापाऱ्याला फोन लावला. रागवायला नव्हे, ही घडवली कोणी एवढेच विचारायला. व्यापाऱ्याने आधी आढेवेढे घेतले, मग ओशाळून कोलकात्याच्या चिनी वस्तीतला एक पत्ता दिला. नानांनी लगेच दोघांची तिकिटे काढायला सांगितली.

हेमांगीला राहवेना. “नाना, तुम्हाला फसवलं त्यानं. आणि तुम्ही पेढे वाटताय?”

“अगं, कपाटातल्या प्रत्येक मूर्तीपुढे मी मनातल्या मनात हात जोडले,” ते म्हणाले. “पण कुणाला? ते कारागीर केव्हाच गेले. हिला घडवणारा मात्र अजून असेल. हिचं वय खोटं निघालं, पण ही वळलेली मान काही खोटी नाही. तिनं मला इतकी वर्षं जो आनंद दिला, तो आता मी त्याला जाऊन सांगू शकतो.”

कारागीर खरोखरच होता. ल्यू नावाचे ते म्हातारे गृहस्थ मुलाच्या खाणावळीत बाकावर बसले होते. म्हैस तळहातावर ठेवताच त्यांचा अंगठा थेट तिच्या मानेवर गेला. मोडक्यातोडक्या हिंदीत ते सांगू लागले: वस्तीमागच्या तळ्यावर अशीच एक म्हैस रोज येई, मूर्ती त्यांनी नवी म्हणूनच विकली होती, डाग नंतर कुणीतरी चढवला. नानांनी त्यांना सांगितले, की सकाळी हिला पाहिल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. ल्यूंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले आणि मुलालाही हाक मारून ऐकवले. मग दोघे म्हातारे इतके हसले, की खाणावळीतली माणसे जेवता जेवता वळून पाहू लागली.

म्हैस आज संग्रहालयात आहे. हेमांगीने तिच्यापुढची पाटी आपल्या हाताने लिहिली. त्या दालनातल्या इतर पाट्यांवर शतके आहेत. या एकीवर माणसाचे नाव आहे.