ओरखडा न उठलेला माणूस

कॉलेजच्या उद्योजकता मेळाव्यात निनाद राजोपाध्ये यांचं भाषण ऐन रंगात आलं होतं. "अरे, अपयशाला कसले घाबरता? मी तीन कंपन्या बुडवल्या. उंचावरून आपटलो, पण अंगावर ओरखडा नाही! आता चौथी काढतोय. कोण येणार माझ्याबरोबर?" भराभर हात वर गेले.

आभार मानायचे होते कानडे मॅडमना. राजोपाध्यांच्या दुसऱ्या कंपनीत त्या होत्या. ऐन दिवाळीत मोबाइलवर मेसेज आला आणि सगळ्यांची नोकरी गेली. नंतर वर्षभर घरी बसल्यावर कुठे इथे शिकवायचं काम मिळालं. साहेबांनी त्यांना ओळखलंसुद्धा नाही. उलट फर्मावलं, "मॅडम, आभार थोडक्यात उरका. पोरांना फक्त सांगा, इतक्यांदा पडूनही मी धडधाकट कसा?"

"सांगते ना," मॅडमनी माइक हातात घेतला. "सर दर वेळी आपल्या माणसांच्या अंगावर पडले. दुसऱ्या वेळी खाली मी होते. म्हणून आजचे आभार सरांचे नाहीत, खाली चिरडलेल्यांचे. आता चौथ्या वेळी खाली कोण कोण थांबणार, त्यांनी हात वर करा."

मघाशी वर गेलेला एकही हात आता वर आला नाही.