टाकी वाळेपर्यंत

"मग काय गळक्या टाकीवर बसून जायचं होतं का मी, महाराज?"

निवृत्ती लोमटे मठाच्या फाटकाबाहेर उभा राहून विचारत होता. सुतक होतं म्हणून आत आला नाही. थोरला भाऊ जाऊन आज आठवा दिवस होता.

रेवणगीर महाराज आतून उठले आणि फाटकाशी दगडावर येऊन बसले. मी मठातलं पाणी-सरपण बघतो, त्यामुळं जवळच होतो. खरं सांगतो, मला निवृत्तीचा रागच आला होता.

माणूस आयटीआयमध्ये मास्तर. हातात कसब आहे, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. आपल्या मोटारसायकलला अंबाजोगाईतल्या एकाही मिस्त्रीचा हात लागलेला नाही, हे तो ओळखपाळख नसलेल्यालाही थांबवून सांगायचा.

थोरला दिगंबर केजला राहायचा. पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, तो निवृत्तीला चारचौघांसमोर टाकून बोलला. निवृत्ती ताटावरून उठला तो उठलाच. त्याला बारा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात दिगंबरनं अंथरूण धरलं. पुतण्याचा फोन आला, की आबा सारखं तुमचं नाव घेतायत, एकदा येऊन जा. निवृत्तीनं सांगितलं, गाडीची टाकी गळतेय, तेवढी नीट केली की निघतोच.

टाकी त्यानं घरीच नीट केली. कशी केली ते आम्हाला फाटकात उभं राहून सगळं ऐकवलं. पेट्रोल काढलं. टाकी उतरवली. आत नट आणि बारीक खडी घालून खुळखुळवली, तर ओंजळभर गंज निघाला. सोड्याच्या पाण्यानं धुऊन, तोंड उघडं ठेवून उन्हात वाळवली. थोडं पेट्रोल घालून बाहेरून पावडर मारली, तेव्हा ओल एका जागी नाही, दोन जागी उमटली. मग पुन्हा रिकामी करणं, पुन्हा वाळवणं, पॉलिश पेपर, एम-सील, आणि वरून रंगाचे तीन हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं.

अठरा दिवस लागले. सतराव्या दिवशी दिगंबर गेला.

"परवा दहावा आहे," निवृत्ती म्हणाला. "वहिनीसमोर उभं राहायचंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा महाराज, की माझा इलाज नव्हता. तुम्ही म्हणालात की मी जाईन."

महाराज उठून फाटकाबाहेर लावलेल्या त्याच्या गाडीजवळ गेले. टाकीच्या खालून, जोडावरून, तळहात फिरवला. हात नाकाशी नेला. पुन्हा फिरवला.

"काम चोख झालंय," म्हणाले.

निवृत्तीचा चेहरा एवढ्यातही जरा खुलला. मला वाटलं, घ्या, आता महाराजही शाबासकी देणार!

"गळत कधीपासून होती?"

"झाली असतील दोन वर्षं."

"दोन वर्षं काय केलंस मग?"

"साबण, महाराज. अंगाचा साबण भोकावर घासून बसवला की आठ दिवस बघायला नको. सगळेच करतात."

महाराजांनी कुठं कुठं फिरलास ते विचारलं. रोज आयटीआय, झालंच तर सासुरवाडी, परळीच्या खेपा. एकदा तर बायकोला मागं बसवून तुळजापूर. तुळजापूर म्हणताना त्याचा आवाज उतरला.

"आणि टाकी उतरवली कधी?"

"फोन आला त्या संध्याकाळी."

महाराज परत दगडावर येऊन बसले. मला वाटलं, झालं, आता निवृत्ती निघून जाणार.

"मातीला कसा गेलास, निवृत्ती?"

"मातीला... रंगाचा शेवटचा हात ओला होता. गाडी तशीच उघडी पडलेली."

"हं. मग कसा गेलास?"

"एसटीनं."

"किती वेळ लागला?"

निवृत्ती बोटानं गाडीच्या सीटवरची धूळ पुसत राहिला.

"पाऊण तास," म्हणाला.

माझा राग कुठल्या कुठं गेला. एवढा पन्नाशीचा मास्तर, इस्त्रीची पँट घातलेला, फाटकाबाहेर फुफाट्यात मटकन खाली बसला. मला त्याला उठवावंसं वाटलं. पण महाराजांनी हातानंच मला थांबवलं.

"भीती वाटत होती, महाराज," तो मातीकडं बघत म्हणाला. "तो शिव्या देईल याची नाही. शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या. तो जवळ घेईल याची भीती होती. त्यानं नुसता हात धरला असता आणि 'निवृत्ती, जेवलास का' एवढं विचारलं असतं, तरी... मग मी बारा वर्षं कशापायी घालवली? काय सांगणार होतो मी त्याला? चुकलो म्हणायचं होतं, दादा, माझंच चुकलं... रोज मनात म्हणायचो. पत्रा घासताना म्हणायचो, रंग मारताना म्हणायचो. उद्या म्हणीन, परवा म्हणीन."

तोंडावर हात धरून तो हमसून हमसून रडला.

महाराजांचेही डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

"मी ऐकून काय उपयोग, निवृत्ती? परवा वहिनीसमोर हेच म्हण."